आयसिसॉरस की इसिसॉरस? हे नाव तोडायचं कुठे, उच्चार नेमका कसा?

मेघा_मनीषनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न एका शब्दाचा आहे पण दोन दिवसांपासून घरात तेच चालू आहे म्हणून इथे विचारून राहिले. माझी मुलगी आठवीत आहे, येत्या शनिवारी तिच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन आहे आणि तिनं विषय घेतला भारतातले डायनासोर. पाच नावं निवडली, टायटॅनोसॉरस, जैनोसॉरस, बारापासॉरस, राजासॉरस आणि आयसिसॉरस, प्रत्येकाचं चित्र आणि खाली तीन रकाने, नाव, उच्चार तोडून, अर्थ. आयसिसॉरस तिचा सगळ्यात आवडता, कारण तो आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला, वरोऱ्याजवळच्या डोंगरगावचा, म्हणजे आपण आनंदवनाला जातो त्याच बाजूचा, आणि हे कळल्यापासून ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत असते.

तर झालं असं की बर्डीवरून आणलेल्या कार्डशीटवर ती मोठ्या इंग्लिश अक्षरांत नाव लिहीत होती. नऊ अक्षरं आहेत. चौथ्या अक्षरावर, म्हणजे आय-एस-आय-एस इथे ओळ संपली, तिनं छोटी रेघ मारली आणि उरलेलं ए-यू-आर-यू-एस खाली घेतलं. शाळेत मॅडमनी चार्ट पाहिला आणि म्हणाल्या, हो हे आयसिस, इजिप्तची देवी, तिच्यावरून नाव ठेवलं असेल, अर्थाच्या रकान्यात तसं लिही. पोरगी म्हणाली नाही मॅडम, ते एका संस्थेचं नाव आहे, मी वाचलं. तर त्या म्हणाल्या मग तोडलं काऊन असं, जसं तोडलं तसाच अर्थ निघणार ना. घरी येऊन रडली. मला मॅडमचा राग नाही, त्यांना एका दिवसात वर्गभराचे चार्ट बघायचे असतात, पण पोरगी बरोबर असेल तर तिला ते नीट सांगता आलं पाहिजे असं मला फार वाटते.

माझे प्रश्न असे. रेघ कुठे मारायची? दुसरं म्हणजे मराठीत लिहिलं की ती सहा तुकडे करते, आ, य, सि, सॉ, र, स, आणि इंग्लिशमध्ये म्हणते चारच होतात, मग रकान्यात किती लिहायचे? आणि सुरुवातीला आय म्हणायचं की इ? तिचे बाबा इसिसॉरस म्हणतात, व्हिडिओमध्ये आयसिसॉरस ऐकलं. जोर कुठे द्यायचा तेही सांगा, तिला उभं राहून बोलायचं आहे.

सदर_छावणी

ताई मी असं वाचलं होतं की हे आय एस आय वरून आहे, म्हणजे हेल्मेटवर असते ना आय-एस-आय मार्क, तेच. मग ते सुटं सुटंच म्हणायला पाहिजे, आय-एस-आय-सॉरस. आपण एस-टी ला स्टी म्हणतो का? नाही ना. तसंच.

खडक_आणि_माती

मेघाताई, मुलगी बरोबर आहे, तिला आधी हे सांगा.

मी भूविज्ञानात आयुष्य घालवलं, आता रिटायर आहे, आणि डोंगरगावच्या त्या टेकडीवर दोनदा जाऊन आलो आहे. आजूबाजूला कापसाची काळी शेतं, टेकडीच्या माथ्यावर आपला नेहमीचा काळा दगड, आणि त्याच्या खाली लालसर, चिकणमातीसारखा थर. तो थर म्हणजे लमेटा. हे नाव जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून पडलं. त्या मातीत हाडाचे तुकडे सापडतात. दगड आहे की हाड हे ओळखायची आमची जुनी पद्धत म्हणजे तुकडा जिभेला लावायचा, हाडात बारीक छिद्रं असतात म्हणून ते जिभेला चिकटतं, दगड सहसा चिकटत नाही. पहिल्यांदा चिकटलं तेव्हा मी बराच वेळ तसाच उभा होतो, साडेसहा सात कोटी वर्षांपूर्वीचं जनावर आणि माझी जीभ.

१९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तिथून एक मोठा सांगाडा काढला. कवटी नाही मिळाली, मागचे पायही नाही, पण मणके, फासळ्या, पुढचा पाय असं बरंच मिळालं. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला नाव दिलं टायटॅनोसॉरस कोलबर्टी. पुढे टायटॅनोसॉरस या नावाचीच अडचण झाली. ते नाव १८७७ मध्ये लिडेकरनं जबलपूरच्या हाडांवरून दिलं होतं, मुख्य आधार शेपटीच्या मणक्यांचा, आणि नंतर कळलं की तसले मणके या गटातल्या कितीतरी प्राण्यांना असतात, त्यावरून एक जात वेगळी ओळखता येत नाही. म्हणून २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी डोंगरगावच्या प्राण्याला नवं नाव दिलं आणि ज्या संस्थेनं तो काढला तिच्या आद्याक्षरांवरून ते केलं, आय-एस-आय अधिक सॉरस, म्हणजे सरडा. देवीचा काही संबंध नाही.

आता सदरवाल्या भाऊंना. हेल्मेटवालं आय-एस-आय वेगळं, ते इंडियन स्टॅण्डर्ड्स इन्स्टिट्यूशन, त्या संस्थेचं १९८७ मध्ये ब्युरो ऑफ इंडियन स्टॅण्डर्ड्स झालं, मार्कचं नाव तेवढं जुनं राहिलं. हे आय-एस-आय म्हणजे महालनोबिस यांनी १९३१ मध्ये काढलेली संख्याशास्त्राची संस्था. संख्याशास्त्रवाले डायनासोर काऊन उकरतात असं कोणीही विचारेल, तर महालनोबिस यांना सगळ्याच शास्त्रात रस होता, त्यांनी १९५० च्या दशकात लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि तिथे भूशास्त्राचा विभाग उभा राहिला, त्यातूनच पुढे बारापासॉरस आला, आणि डोंगरगावचा हाही.

आणि सुटं सुटं म्हणायचं का, तर माझ्या मते नाही. प्राण्यांच्या नावांचा एक आंतरराष्ट्रीय नियमसंच आहे, आत्ताची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. त्यात म्हटलंय की नाव कोणत्याही भाषेतून घ्या, वाटलं तर मनानं अक्षरं जुळवा, पण ती जुळणी शब्द म्हणून वापरता आली पाहिजे. उदाहरणच दिलंय, गायथेमॉन असं काहीतरी जुळवलं तर चालेल, सी-बी-ए-एफ-डी-जी चालणार नाही. म्हणजे आद्याक्षरं एकदा नावात शिरली की ती आद्याक्षरं राहत नाहीत, शब्द होतात. एस-टी वेगळी, ती रोज सुटीच बोलतो आपण. उच्चार अमुकच करा असं मात्र त्या नियमांत कुठेही नाही, त्यांना फक्त स्पेलिंगशी आणि कोणतं नाव आधी दिलं याच्याशी मतलब.

सदर_छावणी

हेल्मेटचं माहीत नव्हतं, धन्यवाद काका. माझं मागे घेतो.

धंतोलीचे_गुरुजी

मेघाताई, मी शाळेत मराठी व्याकरण आणि संस्कृत शिकवायचो. तुमच्या लेकीला सहा आणि चार यातला फरक पडला ही फार चांगली गोष्ट आहे, कारण बहुतेकांना तो दिसतच नाही.

अक्षर हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. एक कागदावर दिसणारं चिन्ह, दुसरं तोंडातून एका झटक्यात निघणारा आवाज. ती दोन नेहमी जुळत नाहीत. तिला म्हणा "नागपूर" लिही, चार अक्षरं आली, ना, ग, पू, र. आता तोच शब्द टाळ्या वाजवत म्हण. नाग, पूर. दोनच टाळ्या. कारण ग मधला आणि र मधला अ आपण लिहितो पण बोलत नाही. कमळ लिहायला तीन, बोलायला दोन, क-मळ. तसंच आयसिसॉरस लिहायला सहा, बोलायला चार, आय-सि-सॉ-रस. उच्चाराच्या रकान्यात चार लिहायचे, तो टाळ्यांचा हिशोब आहे.

आता रेघ. दोन स्वरांच्या मध्ये एकटं व्यंजन आलं तर ते पुढच्या स्वराला जातं, हा लॅटिनचा नियम, आणि आपल्या बाराखडीत तर तो लिहिण्यातच आहे. स ला ऑ लागला की सॉ झालं, आता त्या दोघांमध्ये रेघ मारून दाखवा, मारताच येणार नाही. तुमच्या मुलीनं तेच नाव कार्डशीटवर मराठीत मोठं लिहिलं असतं तर ओळ संपल्यावर तिनं आयसि लिहून सॉरस खाली घेतलं असतं, आयस् लिहून ऑरस खाली घ्यायचं तिच्या मनातही आलं नसतं. इंग्लिशमध्ये अक्षरं सुटी सुटी असतात, कुठेही कात्री लागते. म्हणून मी म्हणतो चूक तिची नाही, कार्डशीटच्या रुंदीची आहे.

दोन प्रकारे तोडता येतं हेही तिला सांगा. एक अर्थानं, एक आवाजानं. पंचांग हा शब्द अर्थानं पंच आणि अंग, पण आवाजानं पं-चांग, संधी झाली की अर्थाची भेग बुजते. आयसिसॉरसचं बरं आहे, आय-एस-आय संपतं आणि सॉरस सुरू होतं तिथेच आवाजाचीही फट आहे, दोन्ही एकाच जागी. आयसिस-ऑरस मात्र दोन्हीत बसत नाही, ना अर्थात ना आवाजात.

जोराचं म्हणाल तर मला यात फार आनंद होतो म्हणून जरा लांबवतो. लॅटिनमध्ये जोर कुठे पडतो ते शेवटून दुसऱ्या अक्षरावरून ठरतं. ते गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघू असेल तर एक घर मागे. आणि गुरू कशाला म्हणायचं? स्वर दीर्घ असेल, संयुक्त स्वर असेल, किंवा पुढे जोडाक्षर असेल तर. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो, अहो हे तर आपण वृत्तं शिकवताना फळ्यावर लिहितो तेच, यमाताराजभानसलगं! ज्या मुलांनी भुजंगप्रयाताचे गण पाडले त्यांना शास्त्रीय नावाची भीती वाटायचं कारणच नाही. आता लावून पाहा. इ-सि-सॉ-रस, शेवटून दुसरं सॉ, मूळ लॅटिनमध्ये तिथे ए आणि यू मिळून संयुक्त स्वर आहे, म्हणजे गुरू, जोर तिथे. तिच्या पाचही नावांत शेवट सॉरस आहे, पाचही ठिकाणी जोर सॉ वरच. टायटॅनोसॉरस इंडिकस मधलं इंडिकस पाहा, शेवटून दुसरं डि, ऱ्हस्व, पुढे जोडाक्षर नाही, लघू, म्हणून जोर मागे सरकून इं वर. आपण सगळे आपोआप इंडिका असंच म्हणतो, नियम माहीत नसताना.

करांडला_वाटाड्या

गुरुजी तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. मी उमरेड करांडला अभयारण्यात गाइड आहे, आमच्याकडे पुण्यामुंबईचे, बाहेर देशाचे पण लोकं येतात आणि प्रत्येक जण नाव वेगळंच म्हणते. मी आपलं पुस्तकातलं पाहून पाठ केलेलं. गव्याचं नाव बॉस गॉरस. एक जर्मनीचे बाबा आले होते ते म्हणे गाउरुस, मला वाटलं चुकून राहिले, मी हळूच गॉरस म्हणून दाखवलं. त्यांनी मला विचारलं तुमच्याकडे याला काय म्हणतात, मी म्हटलं गवा, हिंदीत गौर. ते म्हणे मग गौर वरूनच तर ते नाव आहे! म्हणजे आपलाच शब्द तिकडे जाऊन अस लावून परत आला आणि आपण त्याला गॉ करून टाकलं. त्या दिवसापासून मी गौरस म्हणतो.

अस्वलाचं मेलर्सस. मेल म्हणजे मध, उर्सस म्हणजे अस्वल, दोन शब्द. मी पोरांना शिकवताना मेल-उर्सस असं तोडून सांगतो म्हणजे अर्थ ध्यानात राहते, पण गाडीत बोलताना मे-लुर्-सस होते. हे गुरुजींच्या पंचांगासारखंच झालं ना?

धंतोलीचे_गुरुजी

अगदी तेच. आणि पुढचा शब्द उर्सिनस, त्यातला सि दीर्घ आहे, म्हणून उर्-सी-नस, जोर सी वर. मेलर्ससमध्ये लुर् च्या पुढे जोड आहे म्हणून तो गुरू. एकाच अस्वलाच्या नावात दोन्ही कारणं आली, स्वर दीर्घ आणि पुढे जोडाक्षर. वर्गात हे उदाहरण मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

ध्वनी_४४००

मी भाषाशास्त्र शिकते, थोडी भर घालते, आणि गुरुजी एका जागी तुमच्या नियमाला पाचर मारते, रागावू नका.

लॅटिनचा नियम आपल्या लघुगुरूसारखा आहे हे खरंच सुंदर आहे, पण पुढे जोडाक्षर आलं की गुरू हे तिथे सरसकट लागत नाही. प, त, क, ब, द, ग यांच्यापैकी काही आणि त्याला जोडून र किंवा ल आला तर मागचं अक्षर लघूच राहू शकतं. काळविटाचं नाव पाहा, अँटिलोपे सर्विकाप्रा. शेवटून दुसरं का, लॅटिनमध्ये तो अ ऱ्हस्व आहे, पुढे प्र आहे. आपल्या हिशोबानं गुरू व्हावं, लॅटिनच्या हिशोबानं लघू, म्हणून जोर मागे जाऊन वि वर, सर्-वि-का-प्रा. मी हे लायब्ररीत मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं, सवय व्हायला वेळ लागतो.

आता औ. इंग्लिशमधून आलं म्हणून आपण सॉरस लिहितो, तो ॲ ऑ वाला चंद्र आपण इंग्लिश शब्दांसाठीच घेतला. मूळ ग्रीक-लॅटिन आवाज अ आणि उ चा जोड होता, आणि मराठी औ नेमका तसाच आहे, कौल, मौज, चौक म्हणून पाहा. म्हणजे कोणी सौरस लिहिलं तर ते मूळ आवाजाच्या सॉरसपेक्षा जवळचं आहे. वाटाड्या दादांचं गौरस त्यामुळे दोन्ही बाजूंनी बरोबर. पण मेघाताई तुम्ही चार्टवर सॉरसच ठेवा, सगळी पुस्तकं तसंच छापतात, परीक्षकाला वेगळंच वाटायला नको.

आय की इ. इंग्लिशमध्ये साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत दीर्घ ई चा आय झाला, टाइम हा शब्द त्याआधी टीम च्या जवळ होता. इंग्लंडमध्ये लॅटिन शिकवणारेही त्याच सवयीनं बोलू लागले, म्हणून इंग्लिश बोलणाऱ्यांच्या तोंडी नावाच्या सुरुवातीचा किंवा शेवटचा आय येतो. जर्मन, इटालियन, स्पॅनिश लोकांच्या लॅटिन बोलण्यात हे झालं नाही, ते इ च म्हणतात. म्हणून आयसिसॉरस आणि इसिसॉरस दोन्ही चालतात, एक इंग्लिश वाटेनं आलेला, एक लॅटिनच्या जवळचा. तुमचे मिस्टर चुकले नाहीत आणि व्हिडिओवालाही नाही.

हे नागपुरात समजावणं सगळ्यात सोपं आहे. आपल्याकडे मराठी घरात द्न्यान म्हणतात, शेजारच्या हिंदी घरात ग्यान म्हणतात, दोन्ही घरी लिहितात ज्ञानच, एकाच ज्ञ नं. कोणी कोणाला चूक म्हणत नाही, स्पेलिंग मात्र कोणी बदलत नाही. शास्त्रीय नावांचं हेच आहे. परिषदेत जपानचा माणूस वेगळं म्हणेल, ब्राझीलचा वेगळं, पाटीवर लिहिलेलं सगळ्यांचं एक. खडककाकांनी म्हटलं ना की नियमांत उच्चार नाही, त्याचं कारण मला हेच वाटतं.

मेघा_मनीषनगर

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलं, डोळ्यात पाणी आलं खरंच. मुलीला सगळं वाचून दाखवलं. नागपूरच्या दोन टाळ्या ऐकल्यापासून ती घरातल्या प्रत्येक वस्तूवर टाळ्या वाजवून राहिली, तिच्या आजीला भाजी निवडता निवडता मेथी, पालक, सांबार सगळ्याच्या टाळ्या मोजायला लावल्या.

आता अजून दोन अडलेत. एक म्हणजे कोलबर्टी की कोलबर्टाय? आणि दुसरं बारापासॉरस. तिनं अर्थाच्या रकान्यात लिहिलं होतं बारा पायांचा सरडा, आणि मग स्वतःच म्हणाली आई पण चित्रात चारच पाय आहेत.

खडक_आणि_माती

बारापासॉरसवर मला बोलू द्या, त्याच्यावर माझा जीव आहे. त्यातलं बारा म्हणजे आपले बारा नाहीत! ते हिंदी बड़ा, बंगालीत बडो, म्हणजे मोठा, आणि पा म्हणजे पाय. मोठ्या पायाचा. खोदताना मांडीचं प्रचंड हाड निघालं होतं त्यावरून. इंग्लिश लिपीत र आणि ड़ चा फरक दाखवायची सोय नाही म्हणून बड़ा चं स्पेलिंग बी-ए-आर-ए झालं, आणि आपण मराठी लोकांनी ते परत देवनागरीत आणताना बारा केलं. जाताना मोठा होता, येताना डझनभर पाय लावून आला. तिला चार्टवर बडा-पा-सॉरस असं उच्चारात लिहू द्या, हिंदी कानाला लगेच कळेल, आणि अर्थाच्या रकान्यात मोठ्या पायाचा सरडा. पूर्ण नाव बारापासॉरस टागोरेई, रवींद्रनाथ टागोरांवरून, हाडं काढली तेव्हा त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, १९६१. नाव १९७५ मध्ये छापून आलं. तो ज्या थरातला आहे त्या थराचं नाव कोटा, आणि ते कोटा गाव आपल्या गडचिरोलीत, सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी. म्हणजे तोही तसा आपल्याच बाजूचा, तिला सांगा.

कोलबर्टी म्हणजे एडविन कोलबर्ट यांच्यावरून. अमेरिकेचे, १९०५ ते २००१. शिवालिकच्या सस्तन प्राण्यांवर त्यांचं मोठं काम आहे, आणि १९६९ मध्ये अंटार्क्टिकात लिस्ट्रोसॉरस हा जमिनीवर राहणारा जुना प्राणी सापडला त्या तुकडीत ते होते. तो प्राणी भारतातही मिळतो, त्यामुळे हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते या म्हणण्याला फार बळ आलं. डोंगरगावच्या प्राण्याला त्यांचं नाव उगाच नाही दिलं.

ध्वनी_४४००

शेवटच्या इ चं पण आय-इ सारखंच, इंग्लिश वाटेनं टाय, बाकी जगात टी. मी टी सुचवीन, कारण आपल्या तोंडात ते सहज बसतं आणि मराठी पुस्तकांत टीच दिसतं. तो इ म्हणजे "चा" हा प्रत्यय आहे, कोलबर्टचा. माणसाच्या नावावरून आलेल्या नावात मात्र मी एक पाळते, लॅटिनचा नियम लावण्याआधी त्या माणसाचं नाव त्याच्या घरी जसं म्हणतात तसं म्हणायचं, मग प्रत्यय. म्हणून जैनोसॉरसला जेनोसॉरस करू नका. ते सोहनलाल जैन यांच्यावरून आहे, ज्यांनी डोंगरगावच्या प्राण्याला पहिलं नाव दिलं तेच. परदेशी व्हिडिओत जेनो ऐकू येईल, तिथले लोक स्पेलिंग वाचून बोलतात, आपल्याला मूळ नाव माहीत आहे तर आपण जैनच म्हणायचं.

करांडला_वाटाड्या

हे फार आवडलं. आमच्याकडे पण लोकं उमरेडचं उम्रेड करतात.

मेघा_मनीषनगर

आजचं सांगते. काल रात्री नवीन कार्डशीट आणली, या वेळी आडवी धरली. वरच्या ओळीत आय-एस-आय एवढंच, रेघ, खाली सॉरस, आणि आय-एस-आय ला तिनं निळा स्केच पेन वापरला, सॉरसला हिरवा, म्हणजे कोणी रेघ पाहिली नाही तरी रंगावरून कळेल. उच्चारात आय-सि-सॉ-रस लिहून सॉ च्या खाली जाड रेघ. अर्थाच्या रकान्यात लिहिलं, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा सरडा, डोंगरगाव, जिल्हा चंद्रपूर.

सकाळी मॅडमना दाखवलं. बोलायला घाबरत होती म्हणून मी म्हटलं तू काही समजावू नको, फक्त टाळ्या वाजवून दाखव. तिनं वाजवल्या, चार. मॅडमनी पण तिच्यासोबत वाजवल्या म्हणे, मग त्यांनी स्वतःच आयसिस-ऑरस म्हणून पाहिलं आणि थांबल्या आणि म्हणाल्या बरोबर आहे तुझं, स पुढे जातो. मग सगळ्या वर्गाकडून टायटॅनोसॉरस म्हणवून घेतलं. पाच टाळ्या.

खडककाका, एकच विचारायचं राहिलं. एक्झिबिशननंतर आम्ही डोंगरगावला जाऊ शकतो का? ती मागेच लागली आहे.

खडक_आणि_माती

जा की. नागपूरहून वरोरा शंभरेक किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. पावसाळ्यात जाऊ नका, ती काळी माती चपलेला धरली की सोडत नाही, दिवाळीनंतर बरं. शेतं लोकांची आहेत, आधी गावात विचारा, टेकडीकडे कसं जायचं ते तेच दाखवतील. खाली पाहत चाला, पांढुरका, जड, बारीक छिद्रं असलेला तुकडा दिसला तर हातात घेऊन पाहा, वाटलं तर जिभेला लावून पाहा, फोटो काढा, आणि जिथून उचलला तिथेच परत ठेवा, कारण कोणत्या थरात होता हे गेलं की त्या हाडाचं बोलणं बंद होतं. आणि गावातली माणसं त्या प्राण्याला काय म्हणतात ते तिला विचारून यायला सांगा, मी दोन्ही वेळा विचारायचं विसरलो.